चेनला घातलेलं तेल

फिटरकाका कुठलीही वस्तू उघडायला बसले की आधी खिशातला मोठा चौकड्यांचा रुमाल काढून जमिनीवर पसरायचे. पहिला निघालेला स्क्रू रुमालाच्या डाव्या कोपऱ्यात, दुसरा त्याच्या शेजारी, मग वॉशर, मग स्प्रिंग, अशी ओळ लागत जायची. मिक्सर असो, टेबलफॅन असो, नाहीतर आमच्या आईचं शिवणयंत्र. रुमालाला कुणाचा धक्का लागला तर ते रागवायचे नाहीत. फक्त हात थांबवून त्या माणसाकडे बघत राहायचे, आणि तो माणूस आपसूक दोन पावलं मागे सरकायचा. "काढलं त्याच क्रमानं ठेवायचं," ते म्हणायचे. "मग लावताना कुणाला विचारावं लागत नाही."

रेल्वेत फिटर म्हणून नोकरी झाली, म्हणून फिटर. ठाकुर्लीच्या त्यांच्या दारावर पूर्ण नावाची पितळी पाटी होती, पण ती कुणी वाचत नसे. पोस्टमनसुद्धा "फिटर आहेत का" असं विचारत यायचा. आम्ही तेव्हा डोंबिवलीत राहायचो. आई आणि त्यांची बायको, म्हणजे काकू, एकाच शाळेत होत्या. आई शिकवायची, काकू शाळेच्या ऑफिसात होत्या. आमच्या घरातलं काही बिघडलं की रविवारी सकाळी फिटरकाका यायचे आणि बरोबर त्यांचा एकुलता एक मुलगा सुमेध. माझ्याहून सहा वर्षांनी लहान. तो रुमालापासून लांब बसून आमच्या कपाटातली पुस्तकं बघायचा. हत्यारांचं त्याला वावडंच होतं. त्याला शाळेसाठी घेतलेली सायकल काकाच पुसायचे, काकाच तिच्या चेनला तेल द्यायचे. "शंभरदा सांगितलं, पंधरा दिवसांनी दोन थेंब टाकत जा," ते आईकडे तक्रार करायचे. "हा म्हणतो, तुम्ही आहात ना."

हाच सुमेध पुढे पाणी शुद्ध करण्याचं शास्त्र शिकायला नेदरलँड्सला गेला. मी कंपनीच्या कामासाठी आधीपासून तिथं होतो. आईनं फोन करून सांगितलं, "फिटरांचा मुलगा येतोय रे तुझ्या बाजूला. लक्ष ठेव." त्याचं गाव माझ्या गावापासून पाचसहा किलोमीटरवर. आम्ही एकदाच भेटलो. त्यानं एक जुनी, गडद हिरवी, जडशीळ सायकल विकत घेतली होती, ती मोठ्या हौसेनं दाखवली. "बाबांना फोटो पाठवलेला," तो म्हणाला. "काय म्हणाले माहितीये? चेन कोरडी दिसते." आम्ही दोघं हसलो. त्यानंतर दोनदा त्याचा फोन आला की येऊ का या शनिवारी, आणि दोन्ही वेळा मी काहीतरी कारण सांगून पुढच्या शनिवारावर ढकललं. कारणं काय होती ते आता आठवत नाही, इतकी ती किरकोळ होती.

एका सकाळी सुमेध खोलीतून निघाला, सायकलवरून स्टेशनवर गेला आणि नाहीसा झाला. स्टेशनच्या कॅमेऱ्यात तो सायकल स्टँडला लावताना दिसतो, कुलूप घालून एकदा ओढून बघताना दिसतो, मग पाठीवरची सॅक सारखी करत फलाटाकडे जाताना दिसतो. त्यापुढं काही नाही. फोन बंद. कुठल्या गाडीत चढला की चढलाच नाही, तेही कळलं नाही. पोलिसांनी शोधायचं तेवढं शोधलं. विद्यापीठातल्या मुलांनी फोटो छापून खांबांवर लावले, आणि तिथल्या पावसानं ते आठवड्याभरात खांबांवरून उतरवले.

फिटरकाकांचा पासपोर्ट नव्हता. तो निघून व्हिसा मिळेपर्यंत दोन महिने गेले. तेवढ्यात सुमेधच्या घरमालकानं खोली रिकामी करून सगळं सामान खोक्यांत भरून ठेवलं. स्टेशनवर बेवारस पडलेली सायकल पालिकेनं उचलून सायकलींच्या डेपोत नेली होती. ठरलेल्या मुदतीत कुणी नेली नाही तर तिथं सायकली विकून टाकतात. पोलिसांचं पत्र आणि त्याच्या खोलीत सापडलेली कुलुपाची दुसरी किल्ली घेऊन मी गेलो आणि ती सोडवून आणली. काका यायच्या तीन दिवस आधीची ही गोष्ट.

विमानतळावर ते मला दिसले ते काकूंनी विणलेला मरून स्वेटर घातलेले, हातात एक बॅग आणि कापडी पिशवी. पिशवीत नटबोल्ट खोलायचे पाने होते. "विमानात वर नेऊ दिले नाहीत," ते म्हणाले, "मग खाली बॅगेत टाकले. आता काढून घेतले." मी विचारलं, पाने कशाला आणलेत. ते म्हणाले, "मला दुसरं काय येतं?"

ते माझ्याकडे अठरा दिवस राहिले. दुसऱ्याच दिवशी मी त्यांना सुमेधच्या घरमालकाकडे नेलं. घरमालक भला माणूस होता, त्यानं कॉफी दिली, खोकी एका कोपऱ्यात नीट रचून ठेवलेली दाखवली. काकांनी पहिलं खोकं उघडलं. त्यात पुस्तकं, चपला, कुकरचं झाकण, स्वेटर आणि औषधाची बाटली असं सगळं एकावर एक होतं. ते बराच वेळ उकिडवे बसून बघत राहिले. एकही वस्तू त्यांनी बाहेर काढली नाही. "टेबलावर शेवटी काय होतं, गादीवर काय होतं, आता काही कळायचं नाही," ते म्हणाले. "यांनी क्रम मोडला."

पोलिस स्टेशनातल्या बाईंनी आम्हाला तासभर दिला. त्या इंग्रजीत विचारायच्या, मी मराठीत सांगायचो. मुलगा उदास होता का, असं त्यांनी तीन वेगवेगळ्या शब्दांत विचारलं. काका म्हणाले, "अभ्यासाचं टेन्शन होतं. उदास नव्हता." मग त्या कालव्यांबद्दल बोलल्या. परदेशातून आलेली एकटी मुलं, हिवाळ्याआधीचे काळोखे दिवस, आणि त्या गावातलं सगळीकडचं पाणी. काकांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "त्या म्हणतायत, शोध चालू राहील." पण बाईंचा चेहरा बघून त्यांना न सांगितलेलं कळलं असावं. घरी येताना वाटेत जो जो पूल आला तिथं थांबून त्यांनी कठड्यावरून खाली बघितलं.

तिसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आलो तर काका माझ्या इमारतीच्या मागच्या शेडमध्ये सायकलजवळ बसले होते. रुमाल पसरलेला होता, पण त्यावर काहीच नव्हतं. त्यांनी माझ्यासमोर उजवा हात धरला. अंगठ्याला आणि तर्जनीला तेल लागलेलं होतं.

"चेन बघ," ते म्हणाले. "नवीन तेल आहे. व्यवस्थित, एकेका कडीला घातलेलं. पुसलेलं पण आहे वरचं." त्यांनी पायडल एकदा फिरवून दाखवलं. "अरे, हा शिकला. इथं एकटा राहून शिकला." मग म्हणाले, "ज्याला जायचंय तो माणूस चेनला तेल घालत नाही, अमोल. ज्याला उद्या परत सायकल चालवायचीय तोच घालतो."

ते तेल मी घातलेलं होतं.

डेपोपासून घरापर्यंत मी ती सायकल चालवत आणली होती. चेन इतकी करकरत होती की रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली. वाटेतल्या दुकानातून मी तेलाची छोटी बाटली घेतली, फुटपाथवर सायकल उलटी ठेवली, पायडल फिरवत तेल सोडलं आणि वर आलेलं फडक्यानं पुसलं. पाच मिनिटांचं काम. काका येणार म्हणून सायकल जरा बरी दिसावी, एवढंच डोक्यात होतं. आणि आता ते बोटांवरच्या तेलाकडे असं बघत होते, जसं काही मुलाचं पत्र आलंय.

तेव्हाच बोलायला हवं होतं. मी तोंड उघडलंही होतं. पण आल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं होतं, आणि म्हणाले, "चहा टाकतोस का? आज जरा भूक लागलीय." मी चहा टाकायला गेलो. दोन महिने पावसात आणि डेपोत काढलेल्या चेनवर तेल असं ताजं राहत नाही, हे त्यांच्यासारख्या माणसाला कळायला हवं होतं. त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी त्यांनी जाहीर केलं की सायकल ठाकुर्लीला न्यायची.

मी चौकशी केली. कुरिअरवाल्यांनी सांगितलेला भाव त्या सायकलच्या किमतीच्या कितीतरी पट होता. बोटीनं पाठवायची तर दुसऱ्या कुणाचं घरसामान जात असेल त्यात जागा मिळेपर्यंत थांबावं लागलं असतं, आणि ती मुंबईच्या बंदरावर सोडवायची कटकट वेगळी. ऑफिसातला एक सहकारी म्हणाला की एवढ्यात तुमच्याकडे नवी येईल. मी ते काकांना सांगितलं. ते म्हणाले, "मी किंमत नाही विचारत. वजन विचारतोय."

सगळ्यात स्वस्त मार्ग तोच निघाला: विमानात आपलं सामान म्हणून न्यायची. त्यांच्या तिकिटावर खाली टाकायला सामानाचा एकच डाग होता, तेवीस किलोपर्यंतचा. सायकल खोक्यात बसली आणि वजन त्यात राहिलं तर वेगळे पैसे नव्हते. पण मग दुसरं काहीच नेता येणार नव्हतं. सुमेधचे कपडे, पुस्तकं, अंथरूण, सगळं इथंच राहणार होतं.

काकूंचा फोन आला तेव्हा काकांनी स्पीकर चालू ठेवला होता; बहुतेक मीही ऐकावं म्हणून. काकू म्हणाल्या, "त्याचे कपडे आणा. शर्ट आणा दोन-तीन, न धुतलेले. सायकल कशाला हलवताय? तो आला आणि लावली तिथं नाही दिसली तर?"

"ती तिथं आधीच नाहीये. पालिकेनं उचललेली."

"मग परत नेऊन लावा."

काका म्हणाले, "अगं, परत उचलतील."

"परत लावा," काकू म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

सायकलच्या दुकानदारानं नव्या सायकलीचं रिकामं खोकं फुकट दिलं. आम्ही ते डोक्यावर धरून बसमधून आणलं. मग दोन दिवस काका शेडमध्ये होते. आधी पायडलं. मी डावं पायडल काढायला पाना लावला आणि जीव खाऊन ओढायला लागलो. काका शांतपणे म्हणाले, "डाव्याचे आटे उलटे असतात. तू जोर लावशील तेवढं ते घट्ट होईल." मग पुढचं चाक, मडगार्ड, हँडल, सीट. सीट काढण्याआधी त्यांनी दांड्यावर ती कुठवर होती तिथं खिळ्यानं बारीक ओरखडा मारून घेतला. रुमाल पुरला नाही, म्हणून वर्तमानपत्रं पसरली, आणि हिरव्या सायकलची ओळ शेडच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत गेली. चेनला मात्र त्यांनी हात लावला नाही. ती पुसायची नाही, उतरवायची नाही, मागच्या चाकासकट प्लास्टिकमध्ये गुंडाळायची, असं ठरलं. मीच ते प्लास्टिक गुंडाळलं.

वजन करायला माझा बाथरूमचा काटा. काका खोकं कवटाळून काट्यावर उभे राहायचे, मी आकडा वाचायचो, मग ते खोकं ठेवून नुसते उभे राहायचे, आणि वजाबाकी. दोन किलो जास्त. स्टँड निघाला. अजून जास्त. कॅरिअर निघालं. शेवटी कुलपाची जाड साखळी बाहेर आली तेव्हा काटा तेविसाच्या आत आला. साखळी हातात घेऊन ते उभे राहिले. मग माझ्या हातात देऊन म्हणाले, "कुलूप तुझ्याकडे असू दे. किल्ली मी नेतो."

कपड्यांची खोकी आम्ही गावातल्या एका संस्थेला दिली. जाताना काकांनी एक निळा शर्ट काढून घेतला आणि स्वतःच्या शर्टाच्या आत घातला. तो थोडा घट्ट होत होता. वर मरून स्वेटर. तसेच ते विमानात बसले.

मुंबईत काय झालं ते त्यांनी नंतर फोनवर सांगितलं. कस्टमवाल्यानं खोकं उघडायला लावलं, आत बघून म्हणाला, काका, एवढ्या लांबून जुनी सायकल? कुणाची आहे? काका म्हणाले, मुलाची. मुलगा कुठंय? "मी म्हटलं, येईल मागाहून," काकांनी मला सांगितलं. "त्यानं स्वतः चिकटपट्टी लावून दिली खोक्याला."

घरी आल्यावर त्यांनी दाराजवळच्या पॅसेजमध्ये सायकल परत जोडली. एक नट उरला नाही की कमी पडला नाही. सीट ओरखड्याला लावली. काकूंनी निळा शर्ट घेतला आणि त्या आठ दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत, असं आईनं मला कळवलं.

त्यानंतरची फिटरकाकांची सवय सगळ्या ठाकुर्लीला माहीत होती. रविवारी सकाळी ते सायकल खाली आणायचे, पुसायचे, चेनला दोन थेंब तेल द्यायचे, आणि हातात धरून नव्वद फुटी रस्त्यानं चालत एक फेरी मारून आणायचे. स्वतः तिच्यावर कधी बसले नाहीत. कुणी विचारलं तर म्हणायचे, "माझ्या पायाला सीट उंच पडते." खाली करा की, असं म्हणायची कुणाची हिंमत झाली नाही. तेलाचं मात्र ते प्रत्येकाला सांगायचे. शेजाऱ्यांना, बुद्धविहारातल्या माणसांना, माझ्या आईला. पोलिसांनी काहीही म्हणू दे, ज्या मुलानं आदल्या दिवशी चेनला तेल घातलं तो जीव देणाऱ्यातला नव्हता. आदल्या दिवशी हे कुठून आलं मला माहीत नाही. सांगता सांगता आलं असावं.

दोन वर्षं झाल्यावर नातेवाईक म्हणायला लागले की आता त्याच्या नावानं पुण्यानुमोदन करून टाका, गेलेल्या माणसासाठी करतात तसं. काका म्हणाले, "कशाचं करू? पत्रिकेवर तारीख काय घालू?" विषय तिथं संपला. भिंतीवर बुद्धाच्या मूर्तीशेजारी सुमेधचा पदवीदान समारंभातला फोटो होता, त्याला हार घालायचा नाही, असा घरात नियम होता. नेदरलँड्सहून वर्षातून एकदा पोलिसांचं पत्र यायचं. प्रकरण बंद केलेलं नाही, नवीन माहिती नाही. काका ते मला वाचायला द्यायचे. मी वाचून दाखवायचो. आता मी काही गाळत नव्हतो. गाळण्यासारखं त्यात काही नसायचं.

तोवर मीही परत आलो होतो आणि ठाण्याला बाळकुमच्या एका उंच इमारतीत घर घेतलं होतं. महिन्यातून एखाद्या रविवारी ठाकुर्लीला जायचो. काकू जेवायला घालायच्या. काका आपल्या शेजारी मला बसवून काहीतरी उघडायचे आणि मला पाना धरायला सांगायचे. दर वेळी निघताना मी ठरवायचो की आज सांगायचं, आणि दर वेळी जिना उतरताना स्वतःला समजवायचो की म्हातारा माणूस त्या तेलावर उभा आहे, तू कोण ते पुसणारा. त्यात थोडं खरंही होतं. पण मी भीत होतो, हे जास्त खरं. सुमेधचे दोन शनिवार मी ढकलले होते, हेही त्यांना माहीत नव्हतं.

मग काकांचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पण थरथर गेली नाही. स्क्रू रुमालावर ठेवताना ओळ वाकडी व्हायला लागली. एका रविवारी मी गेलो तेव्हा त्यांनी सायकल पुसून ठेवली होती. तेलाची डबी माझ्यासमोर धरून म्हणाले, "आज तू घाल. माझं सांडतंय."

मी डबी घेतली. खाली बसलो. पायडल हळूहळू फिरवायला लागलो. आणि तेल काही सोडता येईना. तीच चेन, तेच वाकून बसणं. मी डबी खाली ठेवली आणि सांगितलं. डेपो, करकर, दुकान, फुटपाथ. शनिवारांचंही सांगितलं. एका दमात, त्यांच्याकडे न बघता.

आत काकूंचा कुकर चालू होता. शिट्टी झाली, मग काकांनी विचारलं, "किती घातलेलंस?"

"अर्धी बाटली तरी."

"मला वाटलेलं जास्त झालंय," ते म्हणाले. मग, "त्याच्याआधी कशी होती?"

"कोरडी होती, काका. गंज धरलेला."

"म्हणजे त्यानं कधीच घातलं नव्हतं."

"नाही."

ते खुर्चीत मागे टेकले. हात मांडीवर थरथरत होता, त्यावर त्यांनी दुसरा हात ठेवला. मला वाटलं, आता हा माणूस आपल्यासमोर कोसळणार आणि ते मी केलेलं असणार. पण ते चेनकडे बघत होते, एखादं बंद पडलेलं मशीन बघावं तसे.

"मी रिटायर झालो ना," ते हळूहळू म्हणाले, "तेव्हा शेवटच्या दिवशी सगळी हत्यारं पुसली. ग्रीस लावून, कागदात गुंडाळून कपाटात ठेवली. जाणारा माणूस आवरून ठेवतो. ज्याला संध्याकाळी घरी यायचंय तो कशाला आवरतो?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. "त्यानं काहीच आवरलेलं नव्हतं. होता तसा निघाला. तो परत येणार होता."

मी मान हलवली. दुसरं काय करणार होतो? एवढी वर्षं ज्या तेलाचं ओझं मी वाहत होतो, ते त्यांनी एका वाक्यात बाजूला ठेवलं होतं आणि त्याच्या जागी गंज ठेवला होता. मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. पोरगा परत येणार होता, हे त्यांना कशावरूनही कळलं असतं.

त्यांनी डबी उचलली, दोन-तीनदा प्रयत्न करून झाकण लावलं. त्या दिवसापासून त्यांनी चेनला तेल घालणं बंद केलं. सायकल पुसायचे, हवा भरायचे, फेरी मारायचे, पण चेन तशीच ठेवायचे. ठाकुर्लीतल्या पावसाळी हवेला वेळ लागत नाही. वर्षभरात कड्या तांबड्या झाल्या, गंजलेलं मागचं चाक ढकलताना चेनही ओढायला लागलं आणि रविवारची फेरी लांबून ऐकू यायला लागली. कुणी म्हणालं, फिटर, चेन वाजते, तर ते म्हणायचे, "अशीच होती." माझ्यावर ते कधी रागावले नाहीत. जेवायला थांब म्हणायचे, आईची चौकशी करायचे. फक्त त्यानंतर त्यांनी मला पाना धरायला कधी सांगितलं नाही.

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी ते गेले. सकाळी काकू चहा घेऊन गेल्या तर उठले नाहीत. उशाजवळच्या स्टुलावर चष्मा, घड्याळ, किल्ल्या आणि पेन ओळीनं ठेवलेले होते. त्यांच्या नावाचं पुण्यानुमोदन झालं, पत्रिकेवर तारीख छापली. हार एकाच फोटोला घातला.

ठाकुर्लीची इमारत पाडून नवी बांधायची ठरली, तेव्हा काकूंनी आंबिवलीला बहिणीजवळ खोली घेतली. सामान हलवायच्या दिवशी मी सकाळीच गेलो. फार काही नव्हतं. कपाट, पलंग, भांड्यांची पोती, काकांची हत्यारं. शेवटी सायकल राहिली. काकूंनी इतक्या वर्षांत तिला हात लावलेला मी बघितलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी स्वतः ती पॅसेजमधून बाहेर काढली आणि जिन्यावरून उतरवायला मला हाक मारली.

खाली आणून मी ती टेम्पोला टेकवली. चेन बघवत नव्हती. येताना मी तेलाची डबी घेऊन आलो होतो. का, ते नीट सांगता येणार नाही. सायकल जाणार, पुन्हा कुणी बघणार नाही, एकदा व्यवस्थित करून द्यावी असं वाटलं असेल. मी खाली बसलो आणि डबीचं झाकण काढलं.

"तेल नको घालूस," काकू म्हणाल्या.

"काकू, चेन पार गेलीय. चालवली तर फार आवाज करील."

"करू दे की." त्यांनी सीटवरची धूळ पदरानं पुसली. "आंबिवलीचं घर त्याला कुठं माहितीये? तिथं दाराबाहेर लावून ठेवीन. कधी आला, चालवून बघितली, तर मला आत ऐकू तरी येईल."

मी डबी खिशात घातली आणि सायकल उचलून टेम्पोवाल्याच्या हातात दिली.